उरलेली जागा

अ‍ॅबर्डीनला आले तेव्हा ग्रॅनाइट म्हणजे मला एवढंच ठाऊक :
स्वयंपाकघरातला ओटा, लिंबू सांडलं तरी न डागाळणारा.
इथे अख्खं शहर त्याचं.
बँक, चर्च, बंद पडलेलं मासळीचं गोदाम,
माझ्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीचा उंबरा.
पाऊस थांबून ऊन पडलं
की भिंतीभिंतींतून अभ्रक डोळे मिचकावतं.

विद्यापीठाच्या तळघरात माझी नोकरी दगड कापायची.
शिकवतो क्रुकशँक.
पस्तीस वर्षं घासून घासून
त्याच्या अंगठ्यावर ठसा उरलेला नाही,
त्याचा फोन त्याला ओळखत नाही.

चकती कापायची, काचेला चिकटवायची,
ओल्या भुकटीवर आठच्या आकड्यात फिरवायची
(आपला आठ नव्हे, त्यांचा),
केसाच्या निम्म्याहून पातळ होईपर्यंत.
मग दगडातून उजेड आरपार जातो.

किती झालं ते गारगोटीच सांगते.
भिंगाखाली पिवळसर दिसली, तर अजून जाड आहे.
राखाडी झाली, की थांब.
एक फेरी जास्त, आणि सगळं पाण्याबरोबर मोरीत.
पहिल्या महिन्यात मी सत्तेचाळीस कोटी वर्षं
सहा वेळा मोरीत घालवली.
क्रुकशँक म्हणाला, चहा टाक.

हा दगड रस होता तेव्हा वर आलाच नाही.
खाली, कित्येक कोस खाली, खडक पाघळला,
वाट शोधत चढला, मध्येच अडकला,
आणि अख्ख्या डोंगराचं ओझं डोक्यावर घेऊन
बसून राहिला. न फुटता. न बोलता.
निवायलाच लाखो वर्षं.
ज्याला आधी घट्ट व्हायचं तो आधी झाला :
काळं अभ्रक, मग फेल्डस्पार, आपापल्या कडा सांभाळून ऐसपैस,
आणि सगळ्यांत शेवटी गारगोटी.
तोवर जागा संपलेली.
फटीचा जो आकार, तोच तिचा.

भिंगावरून मी बराच वेळ डोळा काढला नाही.
कँटीनमधल्या भरल्या टेबलाला
कोपऱ्यात लावलेली माझी जादा खुर्ची
डोळ्यांसमोर आली, का कोण जाणे.

बाबा मोशीला खडी क्रशरवर मुकादम होते.
फोनवर आधी त्यांचा खोकला येतो, मग ते.
म्हटलं, तिथला दगड पाठवा.
कुरिअरने तीन खडे आले.
कागदावर त्यांच्या अक्षरात : वस्तू – दगड. किंमत – शून्य.

हा मात्र वर आलेला, मोकळ्या रानावर सांडलेला,
वारा लागताच थिजलेला.
भिंगाखाली नुसत्या काड्याच काड्या,
पळत सुटलेल्या पोरांना कुणी ‘स्टॅच्यू’ म्हणावं
आणि ज्याचा पाय जिथे, तिथे राहावा, तशा.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात आमच्यात पक्क्या शब्दाला.
मी हिऱ्याच्या टोकाने काचेच्या कडेवर ओरखडलं :
मोशी. तीनपैकी एक.
रात्री बाबांना सांगितलं, तुमच्या दगडातून पलीकडचं दिसतं.
ते म्हणाले, मग कसला दगड तो.

क्रुकशँक निवृत्त झाला त्या शुक्रवारी दाट धुकं होतं.
केक उरला होता.
त्याने खालचा खण ओढला, वर्तमानपत्र सोडलं.
केर्नगॉर्म डोंगरातला ग्रॅनाइट, मुठीएवढा,
मधोमध पोकळी.
वाफेचा बुडबुडा राहिला होता इथे, म्हणाला,
म्हणून जागा मिळाली तिला.

आत तीच गारगोटी,
धुराच्या रंगाची, सहा सरळ बाजू, वर टोक.
मी करंगळी आत घातली.
गार होती.